विशेष संदर्भ : बुलढाणा जिल्हा

भारतातल्या विद्यापीठांत मान्य झालेले पीएच.डी.चे प्रबंध 'शोधगंगा' या संकेतस्थळावर कुणालाही उघडून पाहता येतात. एखाद्या संध्याकाळी तिथे मराठी, इतिहास, समाजशास्त्र, राज्यशास्त्र यांतली नुसती शीर्षकं वाचत जावीत. थोड्याच वेळात त्यांची चाल कानात बसते. 'अमुक : एक चिकित्सक अभ्यास', 'तमुक योजनेचे मूल्यमापन', आणि शेवटी 'विशेष संदर्भ : अमुक जिल्हा'. त्यापुढे कंसात दहा वर्षांचा कालखंड. यातलं बुलढाण्याचं नाव काढून वाशीमचं घातलं, वाशीमचं काढून परभणीचं घातलं, तरी शीर्षकाला काही होत नाही. पुष्कळदा पहिल्या दोन प्रकरणांनाही होत नाही.

मला या शेपटाबद्दल बोलायचं आहे. जिल्हा शीर्षकाच्या शेवटी बांधला की तो कुंपण होतो : इतक्या तालुक्यांतले इतके लोक, एवढ्या प्रश्नावल्या, त्यापलीकडे पाहायचं नाही. तोच जिल्हा प्रश्नाच्या मुळाशी असला तर गोष्ट वेगळी होते. मानव्यविद्येतलं संशोधन विषय मंजूर झाल्याने सुरू होत नाही. रोज डोळ्यांसमोर असलेल्या एखाद्या गोष्टीचा उलगडा होत नाही आणि ती दुसरं काही सुचू देत नाही, तेव्हा ते सुरू होतं. बुलढाण्यातून पीएच.डी.ला अर्ज करणाऱ्या मुलामुलींनी अर्जाच्या आधी अशी एक गोष्ट शोधावी, असं माझं कळकळीचं सांगणं आहे. बाकी सगळं, म्हणजे पेट (प्रवेश परीक्षा), कोर्सवर्क, गाइड, सिनॉप्सिस, आरआरसी (विषय मंजूर करणारी समिती), त्यानंतरचं आहे.

हे मी अनुभवाने शिकलो, आणि उशिरा शिकलो. माझा विषय मला एका दुपारी पंधरा मिनिटांत मिळाला. कादंबरी घ्या, दहा वर्षं घ्या, पुस्तकं सहज मिळतील, असा सल्ला होता. सल्ला वाईट हेतूचा नव्हता. पण पुढच्या पाच वर्षांत 'तुला यातून काय शोधायचं आहे?' असं मला कुणी विचारलं नाही, आणि मीही स्वतःला विचारलं नाही. पदवी मिळाली. प्रबंधाची प्रत आजही कपाटात आहे. ती उघडली की वाटतं, यातलं एकही पान असं नाही जे मी लिहिलं नसतं तर कुणाचं काही अडलं असतं.

बुलढाण्यात, सुमारे एकशे चाळीस वर्षांपूर्वी, एका बाईने असं एक पुस्तक लिहिलं, जे लिहिलं गेलं नसतं तर अडलं असतं.

ताराबाई शिंदे बुलढाण्याच्या. वडील बापूजी हरी शिंदे इथल्या डेप्युटी कमिशनरच्या कचेरीत हेडक्लार्क, सत्यशोधक विचारांचे. वऱ्हाड तेव्हा हैदराबादच्या निजामाच्या मालकीचा आणि १८५३पासून इंग्रजांच्या कारभाराखाली होता. १८८१ साली सुरतेकडच्या विजयालक्ष्मी नावाच्या तरुण विधवेला, अनैतिक संबंधातून झालेलं मूल मारल्याबद्दल फाशीची शिक्षा झाली. पुढे ती शिक्षा कमी करण्यात आली. पण या खटल्याच्या निमित्ताने वर्तमानपत्रांत बायकांच्या चारित्र्यावर जी झोड उठली, ती ताराबाईंनी इथे बुलढाण्यात वाचली. त्यातून 'स्त्रीपुरुषतुलना' लिहिली गेली. १८८२ साली पुण्याच्या श्रीशिवाजी छापखान्यात ती छापली गेली. प्रती पाचशे, किंमत नऊ आणे. पुस्तकावर टीका झाली तेव्हा जोतीराव फुले यांनी १८८५मध्ये 'सत्सार'च्या दुसऱ्या अंकात ताराबाईंची बाजू घेतली. त्यानंतर हे पुस्तक मराठी वाचकांच्या नजरेआड गेलं. १९७५ साली स. गं. मालशे यांनी ते संपादित करून पुन्हा छापलं. दोन छपायांच्या मधे त्र्याण्णव वर्षं गेली. १९९४मध्ये रोझलिंड ओ'हॅनलन यांनी केलेला इंग्रजी अनुवाद ऑक्सफर्डने प्रसिद्ध केला, आणि आज जगात कुठेही भारतीय स्त्रीवादाचा इतिहास शिकवताना बुलढाण्याच्या या बाईंचं नाव घ्यावं लागतं.

मालशे हे नाव पीएच.डी.च्या विद्यार्थ्याला दुसऱ्याच कारणाने ठाऊक असतं. 'शोधनिबंधाची लेखनपद्धती' हे त्यांचं पुस्तक मराठीच्या कोर्सवर्कला हमखास हाती येतं. तळटीप कशी द्यावी, संदर्भसूची कशी लावावी, हे त्यातून शिकायचं. पण ज्यांनी ही पद्धत शिकवली, त्यांनी तिच्या बळावर एक हरवलेलं पुस्तक मराठीला परत मिळवून दिलं, हे कोर्सवर्कच्या वर्गात सांगितलं गेलं पाहिजे. तळटिपेची शिस्त का पाळायची, याचं उत्तर तिथे मिळतं. फुल्यांच्या एका छोट्या अंकात एका पुस्तकाचा उल्लेख आहे, त्या उल्लेखामागे एक बाई आहे, तिच्यामागे एक गाव आहे. हा माग काढायला शिस्त लागते. दहा कादंबऱ्यांतल्या स्त्रीचित्रणाची यादी करायला ती फारशी लागत नाही.

आणि ताराबाईंवरचं काम संपलेलं नाही. १८८१ साली बुलढाण्यात कोणती वर्तमानपत्रं येत, कोण वर्गणी भरत, घाटावरच्या या गावी टपाल मलकापूरच्या रेल्वे स्टेशनावरून कसं चढत असे, हेडक्लार्कच्या घरातल्या मुलीच्या हाती ते कधी पडत असे? वाचनाचा इतिहास म्हणून हा प्रश्न हाती घेतला तर त्याची साधनं ताराबाईंच्या पुस्तकात सापडणार नाहीत. ती टपालखात्याच्या आणि वऱ्हाडच्या प्रशासनाच्या जुन्या अहवालांत, नागपूरच्या पुराभिलेखागारात, त्या काळच्या नियतकालिकांच्या वर्गणीदारांच्या याद्यांत शोधावी लागतील. त्याला चार वर्षं लागतील, आणि ती चार वर्षं सार्थकी लागतील.

डिसेंबर २०२३मध्ये नागपूरच्या अधिवेशनात, अधिछात्रवृत्तीची चर्चा चालू असताना, पीएच.डी. करून ही मुलं काय दिवे लावणार, असा प्रश्न विधान परिषदेत विचारला गेला. त्यावर मुलं चिडली, आणि ते बरोबरच होतं. पण चिडून झाल्यावर हा प्रश्न आपण स्वतःला विचारायला हवा होता, तो विचारला गेला नाही. आपण बार्टी, सारथी, महाज्योती या अधिछात्रवृत्ती देणाऱ्या संस्थांच्या जागा आणि रकमा यांवर बोललो. तेही आवश्यक होतं. यूजीसीची कनिष्ठ अधिछात्रवृत्ती २०२३पासून महिना ३७ हजार रुपये आहे. चिखली किंवा मोताळ्याच्या कोरडवाहू घरातल्या मुलीला तीन वर्षं दुसऱ्याच्या शेतात न जाता वाचत बसता येणं, हा त्या रकमेचा खरा अर्थ आहे. शासनाचे हे पैसे वाया जातात, असं मी कधीही म्हणणार नाही.

पीएच.डी. नोकरीसाठी करतात, ज्ञानासाठी नाही, ही तक्रारही मला मान्य नाही. ज्यांचं पोट भरलेलं आहे त्यांनी ती करू नये. आमच्याच जिल्ह्यातल्या सदानंद देशमुख यांच्या 'बारोमास'ला २००४चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. त्यातला एकनाथ शिकून पदव्या घेऊन बसलेला आहे आणि नोकरीसाठी मागितले जाणारे पैसे शेतीतून निघत नाहीत. तो एकनाथ आज सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर, शिकवतो, सुट्टीत मानधन थांबतं, आणि पीएच.डी.चा फॉर्म भरतो. त्याला नोकरी हवी असणं यात कमीपणा काय?

फक्त हिशेब नीट पाहायला हवा. विद्यापीठातल्या सहायक प्राध्यापकपदासाठी पीएच.डी. सक्तीची करण्याचा निर्णय यूजीसीने आधी पुढे ढकलला आणि २०२३मध्ये सोडून दिला. नेट किंवा सेट ही किमान पात्रता राहिली. म्हणजे नोकरीचं दार केवळ पीएच.डी.ने उघडेल, असं कुणीही खात्रीने सांगू शकत नाही. ज्या पाच-सहा वर्षांच्या शेवटी नोकरीची हमी नाही, ती वर्षं अशा कामात घालावीत की नोकरी लागली नाही तरी ते काम आपलं म्हणून उरेल. वरवरचा विषय घेणं ही गरिबाला परवडणारी गोष्ट नाही. ज्याच्या घरी दुसरा आधार आहे त्याने तो घ्यावा हवा तर.

यावर एक गंभीर आक्षेप येतो आणि तो मी हलक्याने घेत नाही. पुण्या-मुंबईच्या मुलांनी तत्त्वज्ञान, सौंदर्यशास्त्र, जगाचा इतिहास घ्यायचा, आणि बुलढाण्याच्या मुलांना मात्र तुम्ही तुमच्या तालुक्याचं बघा म्हणायचं, ही विचारांच्या क्षेत्रातली नवी जातव्यवस्थाच झाली की! खेड्यातल्या मुलाने खेड्यावर, दलित मुलाने दलित साहित्यावर, बाईने बाईवर लिहायचं, ही वाटणी आपल्याकडे आधीच होऊन बसली आहे आणि ती संतापजनक आहे. मला त्यात भर घालायची नाही. सिंदखेडराजाच्या मुलाला कांटवर काम करायचं असेल तर त्याने करावं, जर्मन शिकून करावं, आणि त्याला अडवणाऱ्याशी मी भांडेन.

पण जवळचं म्हणजे लहान, हे या आक्षेपातलं गृहीतक मला खरं वाटत नाही. ताराबाई बुलढाण्यात बसून सुरतेच्या खटल्यावर लिहीत होत्या आणि त्यांचा प्रश्न सगळ्या पुरुषजातीला होता. सिंदखेडराजा तालुक्यातलं साखरखेर्डा घ्या. ११ ऑक्टोबर १७२४ रोजी तिथे निजाम-उल्-मुल्कने मुबारिझखानाचा पराभव केला आणि हैदराबादच्या आसफजाही राज्याचा पाया घातला गेला. सव्वादोनशे वर्षं दक्षिणेचं राजकारण ज्या सत्तेभोवती फिरलं तिचा आरंभ आमच्या या गावच्या शिवारात आहे. त्या लढाईवर मुळापासून काम करायचं तर फारसी आली पाहिजे, मराठी बाजू पाहायला मोडी आली पाहिजे, आणि दिल्लीचा दरबार व पेशवाई दोन्ही समजली पाहिजेत. साखरखेर्ड्याहून निघालेला विद्यार्थी हैदराबादला, दिल्लीला, कदाचित लंडनच्या ग्रंथालयापर्यंत पोचतो. यात कुंपण कुठे आहे?

मलकापूर तालुक्यातल्या नरवेलच्या शेतकरी घरात १९०८ साली जन्मलेले वि. भि. कोलते याच वाटेने गेले. महानुभावांचे ग्रंथ शतकानुशतकं मठांत, सांकेतिक लिप्यांत बंद होते. पंथाबाहेरच्या माणसाला पोथी दाखवायला महंत सहसा राजी नसत. कोलत्यांनी ती साहित्यसृष्टी आयुष्यभर अभ्यासली. 'महानुभाव तत्त्वज्ञान', 'महानुभावांचा आचारधर्म', 'श्रीचक्रधर चरित्र' ही पुस्तकं लिहिली आणि १९७८मध्ये 'लीळाचरित्रा'ची संपादित आवृत्ती दिली. मराठी गद्याचा आरंभ समजून घ्यायचा तर आज त्या कामाला टाळून पुढे जाता येत नाही. 'लीळाचरित्रा'त आमच्या जिल्ह्यातलं लोणार येतं, मेहकर येतं. पण कोलत्यांच्या कामाला 'विशेष संदर्भ : बुलढाणा जिल्हा' असं शेपूट लावायची गरज कधी पडली नाही.

आता प्रश्न शोधायचा कसा, याबद्दल. इथे मला एका विद्यार्थिनीची हकिगत सांगायची आहे. संग्रामपूर तालुक्यातली मुलगी, समाजशास्त्रात एम.ए. झालेली. ती विषय घेऊन आली : 'भेंडवळची घटमांडणी : श्रद्धा की अंधश्रद्धा? एक चिकित्सक अभ्यास'. जळगाव जामोद तालुक्यातल्या भेंडवळला अक्षय्य तृतीयेला शेतात घट मांडतात. गोल आखून त्यात अठरा धान्यं ठेवतात, मधे मातीची ढेकळं, पाण्याने भरलेली घागर, वर पापड, करंजी, कुरडई, आणि राजासाठी विडा. रात्रभर तिकडे कुणी फिरकत नाही. पहाटे जे दिसेल त्यावरून पाऊस, पीक, देशाचा राजा यांचं भाकीत सांगतात. हजारो शेतकरी ते ऐकायला जमतात आणि दुसऱ्या दिवशी मराठी वर्तमानपत्रं ते छापतात.

मी तिला विचारलं, याचं उत्तर तुला आजच माहीत आहे ना? ती हो म्हणाली. ढेकूळ विरघळण्यावरून पाऊस कळत नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. मग जे ठाऊक आहे त्यासाठी चार वर्षं कशाला? शंभर प्रश्नावल्या वाटून साठ टक्के लोकांचा विश्वास आहे असं निघालं, किंवा चाळीस टक्क्यांचा, तर आपल्या समजुतीत काय भर पडली?

आम्ही दोन-तीन तास बोललो. मग हळूहळू प्रश्न वर येऊ लागले. त्या अठरा धान्यांत अंबाडी आहे, भादली आहे, लाख आहे, जवस आहे. आज या जिल्ह्याच्या खरिपात जिकडेतिकडे सोयाबीन दिसतं. म्हणजे घटातली धान्यांची यादी हा एका जुन्या पीकपद्धतीचा दस्तऐवज आहे का? नवं पीक अशा यादीत कधी आणि कुणाच्या निर्णयाने शिरतं, किंवा का शिरत नाही? जुनं पेरेपत्रक आणि ही यादी शेजारी ठेवली तर काय दिसेल? भाकीत ऐकायला येणारा शेतकरी ऐकून घरी गेल्यावर नेमकं काय करतो? बियाणं बदलतो, पेरणी पुढे ढकलतो, की काहीच बदलत नाही आणि तरी दरवर्षी येतो? हवामान खात्याचा अंदाज आणि पीकविमा आल्यावर या जमण्याचा अर्थ बदलला का? निवडणुकीच्या आचारसंहितेत राजाचं भाकीत सांगायचं नाही असं ठरतं, तेव्हा परंपरा आणि शासन एकमेकांशी कोणत्या भाषेत बोलतात? यातल्या कुठल्याही एका प्रश्नाचं उत्तर तिला माहीत नव्हतं, मलाही नव्हतं. त्या दिवशी तिचं संशोधन सुरू झालं असं मी मानतो. नोंदणी त्यानंतर होईल.

अनिश्चितता कशी सोसावी हा प्रश्न दुष्काळी भागातल्या शेतकऱ्याला जगभर सोडवावा लागतो. आफ्रिकेतल्या शेतकरी समाजांवर मानववंशशास्त्रज्ञांनी यावर उत्तम काम केलेलं आहे, आणि ई. ई. इव्हान्स-प्रिचर्ड यांचं अझांदे लोकांवरचं १९३७चं पुस्तक अजून जुनं झालेलं नाही. भेंडवळचा घट घेऊन त्या पुस्तकाशी वाद घालता येतो. असा वाद मराठीत घालता येतो, प्रबंध मराठीत लिहिता येतो, आणि लिहावा. फक्त वाचन मराठीपुरतं ठेवू नये. इंग्रजीचं भय हे आपल्या मुलांचं फार खरं भय आहे. त्याला लाजवू नये. पण रोज दोन पानं शब्दकोश घेऊन वाचणारा विद्यार्थी वर्षभरात कुठल्या कुठे जातो, हे मी पाहिलेलं आहे.

व्यवहाराचं थोडक्यात. आपलं विद्यापीठ अमरावतीला, १ मे १९८३ला नागपूरमधून वेगळं झालेलं. बुलढाण्याहून एसटीने जवळपास दोनशे किलोमीटर. यूजीसीच्या ७ नोव्हेंबर २०२२च्या नियमांनुसार पीएच.डी.ला किमान तीन आणि कमाल सहा वर्षं मिळतात, पुनर्नोंदणीने आणखी दोन. एका वेळी प्राध्यापकाकडे आठ, सहयोगी प्राध्यापकाकडे सहा आणि सहायक प्राध्यापकाकडे चार विद्यार्थी असू शकतात. त्यामुळे 'गाइड मिळाला का?' हा आपल्याकडचा पहिला प्रश्न होऊन बसतो आणि ज्याच्याकडे जागा आहे त्याचा विषय तो आपला विषय होतो. विद्यार्थ्याच्या हाती तिथे फारशी ताकद नसते, हे मी जाणतो. तरी रिकाम्या हाताने गेलेल्याला विषय दिला जातो, आणि वीस पानांचं टिपण, दोन मूळ साधनांच्या झेरॉक्स, एक नीट मांडलेला प्रश्न घेऊन गेलेल्याशी बोलणं होतं. चांगल्या मार्गदर्शकाला असा विद्यार्थी हवाच असतो. तसा विद्यार्थी नको असणाऱ्याकडे सहा वर्षं काढण्यापेक्षा एक वर्ष थांबलेलं बरं.

त्याच नियमांत स्त्रियांना दोन वर्षं जास्त आणि २४० दिवसांची प्रसूती व बालसंगोपन रजा आहे. आमच्याकडे नोंदणी करून लग्न झाल्यावर थांबलेल्या मुली खूप आहेत, आणि ही सवलत आपल्याला लागू आहे हे त्यांतल्या कितीतरी जणींना कुणी सांगितलेलंच नसतं. जी भेटेल तिला मी सांगतो. बाईचं लिहिणं किती थोडं उरतं, हे आपण पाहिलं आहे : ताराबाईंचं एकच पुस्तक आपल्यापर्यंत आलं.

संग्रामपूरच्या त्या मुलीने अजून अर्ज भरलेला नाही. पेटची तयारी चालू आहे आणि एक जाड वही तिने सुरू केली आहे. भादली कशी दिसते हे तिला ठाऊक नव्हतं, म्हणून तिने आधी आजीला विचारलं. आजीने सांगितलं की आमच्या लहानपणी ती भातासारखी शिजवत, दाणा बारीक असतो, शेवटची पेरली तेव्हा तुझे वडील शाळेत जात नव्हते. वहीच्या पहिल्या पानावर तारीख, आजीचं वय आणि हे तीन तुकडे तिने लिहिले आहेत, आजीच्याच शब्दांत.